पाणी एक, खाती तीन



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने साहित्यावर बोलावे, तत्त्वज्ञानावर बोलावे, फार तर राजकारणावर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. मी मात्र आज नळ, गटार आणि नाला असे तीन विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे. ते ऐकून कोणी नाक मुरडले तर मला त्याचे नवल वाटणार नाही. पण आज सायंकाळी येथे येताना आपल्यापैकी पुष्कळांनी नाल्यातून उपसलेला काळा गाळ रस्त्याच्या कडेला पडलेला पाहिला असेल. मुंबईत वसंत ऋतू संपत आल्याची ही खरी खूण आहे. कोकिळा ओरडो वा न ओरडो, नालेसफाई सुरू झाली म्हणजे पावसाळा तोंडावर आला असे समजावे.

या नालेसफाईची मुदत दरवर्षी ३१ मे ही असते. २०२५ साली पाऊस मुंबईत २६ मे रोजीच येऊन थडकला. वरळीच्या आचार्य अत्रे चौकातील नवेकोरे भुयारी मेट्रो स्थानक त्या दिवशी पाण्याने भरले. आपण म्हणालो, पाऊस लवकर आला. पाऊस आपल्या वेळेला आला होता. कंत्राटाची तारीख त्याला कोणी कळविलेली नव्हती. विनोद सोडून द्या, परंतु या एका घटनेत आपल्या नगररचनेचा एक जुना दोष सापडतो. आपण पाण्याचे वेळापत्रक, पाण्याचे खाते आणि पाण्याचा हिशेब आपल्या सोयीप्रमाणे पाडतो आणि पाण्याने त्याप्रमाणे वागावे अशी इच्छा धरतो.

महापालिकेत पाण्याची तीन खाती आहेत. नळाचे पाणी जलअभियंत्याकडे, घरातून बाहेर पडलेले घाण पाणी मलनिःसारण खात्याकडे आणि आकाशातून पडलेले पाणी पर्जन्यजलवाहिन्यांच्या खात्याकडे. मालमत्ता कराचे बिल उलगडून पाहा. त्यात जल कर आहे, जललाभ कर आहे, मलनिःसारण कर आहे, मलनिःसारण लाभ कर आहे. पावसाच्या पाण्याच्या नावाची मात्र त्यात एक ओळ नाही. ज्या पाण्याने हे शहर दरवर्षी अडते, त्या पाण्याला आपल्या बिलात जागा नाही! माझे आजचे सांगणे थोडक्यात असे आहे की ही तीन पाणी नव्हेत. पाणी एकच आहे. ते एकाच शहरातून तीन वेळा जाते. ज्या दिवशी आपण हे तीन हिशेब एका पानावर मांडू, त्या दिवशी शहर सुधारावयास खरा प्रारंभ होईल. तोपर्यंत आपण एक नळ टाकू, एक गटार फोडू आणि एक रस्ता पुन्हा खणू.

हे पटविण्यासाठी मी आपल्याला एका नदीच्या काठाने घेऊन जाणार आहे. ही नदी गंगा नव्हे, गोदावरीही नव्हे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत अठरा किलोमीटरही न भरणारी ही आपली मिठी नदी. मुंबईच्या तिन्ही पाण्यांचा इतिहास या एवढ्याशा नदीत वाचावयास मिळतो.

प्रथम पहिले पाणी, म्हणजे नळाचे. १८६० पूर्वी मुंबई विहिरींवर आणि तलावांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, दो टाकी ही नावे आपण बस थांबविण्यासाठी रोज वापरतो, पण त्या ठिकाणी एके काळी खरोखरच पाणी होते याची आठवण फार थोड्यांना असते. उन्हाळ्यात हे तलाव आटत, पाणी घाण होई आणि वस्ती तर वाढतच होती. तेव्हा हेन्री कॉनिबेअर या इंजिनियराने साष्टी बेटाच्या डोंगरात मिठीच्या उगमाशीच बांध घालण्याची योजना आखली. १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६० साली विहारचे पाणी नळाने मुंबईत आले. दिवसाला सुमारे ३२ दशलक्ष लिटर पाणी घरच्या दारात यावयास लागले. त्या काळाच्या मानाने ही लहान गोष्ट नव्हती.

परंतु शहराची तहान अशी असते की पाजावी तितकी वाढते. १८७९ साली तुळशी झाला. १८९२ साली सुमारे शंभर किलोमीटरवरून तानसाचे पाणी आले. स्वातंत्र्यानंतर वैतरणा अडविण्यात आली आणि त्या जलाशयाला ती योजना पार पाडणारे महापालिकेचे इंजिनियर नानासाहेब मोडक यांचे नाव देण्यात आले. एका इंजिनियराचे नाव शहराने आपल्या पाण्याला द्यावे, याचा मला फार आनंद वाटतो. पुढे ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. आज सात तलावांतून दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मुंबईत येते. विहारच्या पहिल्या पाण्याच्या हे जवळजवळ एकशेवीस पट होते. यातील पुष्कळसे पाणी पंप न लावता केवळ उताराने शहरापर्यंत पोचते. ज्यांनी ही आखणी केली त्यांच्यापुढे हात जोडावेत असेच हे काम आहे.

मग तक्रार कोठे आहे? तक्रार अशी की आणलेल्या पाण्यापैकी चौथा हिस्सा, किंवा त्याहूनही अधिक, गळतीत आणि चोरीत जातो. दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. बहुतेक मुंबईत पाणी दिवसातून काही तासच येते. आपल्याला वाटते की नळ बंद झाला म्हणजे वाहिनी गप्प पडून राहते. तसे होत नाही. वाहिनीत पाण्याचा दाब असेपर्यंत भोकातून पाणी बाहेर जाते. दाब गेला की त्याच भोकातून बाहेरचे पाणी आत शिरते. त्या वाहिनीच्या शेजारी गळके गटार असेल, किंवा झोपडवस्तीत असते त्याप्रमाणे नळच गटारातून ओढलेला असेल, तर सकाळी पहिल्या पाच-दहा मिनिटांत आपल्या हंड्यात काय पडत असेल, ते मी सांगावयास नको. विहारचे पहिले पाणी आणि गटाराचे दुसरे पाणी यांची ही पहिली भेट आहे. डॉक्टर तिला कावीळ म्हणतात, विषमज्वर म्हणतात. जलखाते म्हणते, गटार गळके आहे. मलनिःसारण खाते म्हणते, नळ फुटका आहे. दोघेही खरे बोलत असतात!

यावर चोवीस तास दाबाने पाणी हा उपाय आहे. त्याचे नाव काढले की लोक म्हणतात, आधीच पाणी पुरत नाही, चोवीस तास कोठून आणणार? कराडशेजारच्या मलकापूर या लहानशा गावाने या शतकाच्या पहिल्या दशकात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. तेथे घरोघर मीटर बसविले, गळक्या वाहिन्या बदलल्या आणि जास्त वापरणाऱ्याला चढता दर लावला. पाणी कायम येते अशी खात्री पटली की माणूस पिंप भरून ठेवीत नाही आणि काल भरलेले पिंप आज मोरीत ओतीत नाही. मुंबई म्हणजे मलकापूर नव्हे, हे मलाही कळते. परंतु नळाचे शास्त्र दोन्ही गावांना एकच आहे.

मुंबईला पाणी पाठविणाऱ्या गावांचा विसरही आपल्याला पडू नये. तानसा, भातसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील वाड्या-पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या भिंतीकडे पाठ करून डोक्यावर हंडे नेणाऱ्या बायकांचे चित्र आपण वर्तमानपत्रांत पाहिले असेल. आता गारगाई नदीवर नवे धरण बांधावयाचे घाटत आहे. त्यासाठी जंगल बुडेल आणि काही गावे उठतील. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा विचारही चालू आहे. नवे पाणी आणूच नये असे मी म्हणत नाही. पण हातातल्या घागरीला भोक असताना दुसऱ्याच्या विहिरीकडे धाव घेणे हे शहाणपणाचे आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता दुसरे पाणी. घरात जेवढे पाणी येते त्यातील सुमारे ऐंशी टक्के घाण होऊन बाहेर पडते, असा इंजिनियरांचा हिशेब आहे. म्हणजे पाणी आणणे हे निम्मेच काम झाले. आणलेले पाणी नेऊन सोडणे हे उरलेले निम्मे. पण पहिल्या कामाला उद्घाटन असते, दुसऱ्याला नसते. विहारचे पाणी आल्यानंतरही कितीतरी वर्षे या शहराचा मैला माणसे टोपल्यांतून डोक्यावर वाहून नेत होती. १८८८ च्या महापालिका कायद्यात त्यासाठी ‘हलालखोर कर’ या नावाचा वेगळा करच होता. आपण वरच्या मजल्यावर नळाचे पाणी पीत होतो आणि मागच्या जिन्याने एक माणूस आपली घाण घेऊन उतरत होता. पुढे त्या कराचे नाव बदलून मलनिःसारण कर झाले. परंतु ती माणसे पुरती बदलली का? माणसाला मैला साफ करावयास लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे. तरीही भुयारी गटारात, सोसायटीच्या मैलाटाकीत उतरलेले कामगार विषारी वायूने गुदमरून मरतात, आणि ते कोणत्या जातींचे असतात हे कोणी विचारण्याची गरज पडत नाही. गटारयंत्रणा सुधारणे हा केवळ इंजिनियरिंगचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या गटाराला साफ होण्यासाठी माणूस आत उतरावा लागतो, ते गटार अपुरे बांधलेले आहे, एवढा साधा नियम आपण केला तरी पुरे.

मुंबईचा मैला कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशा सात विभागांत गोळा होतो. वरळी आणि वांद्रे येथे तर तीन किलोमीटरहून लांब बोगद्यांनी तो समुद्राच्या पोटात नेऊन सोडण्यात आला. समुद्र मोठा आहे, तो पचवील, हा त्यामागचा विचार. परंतु समुद्राच्या पचनशक्तीलाही मर्यादा असते, हे किनाऱ्यावरच्या कोळीबांधवांना अहवाल न वाचताच समजले. आता वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप येथे सात नवी शुद्धीकरण केंद्रे उभारावयाची ठरले. त्यांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले. खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये आणि क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. ही कामे चालू आहेत आणि ती चांगली आहेत. माझे म्हणणे इतकेच की केंद्र कितीही उत्तम बांधले तरी जो मैला गटारातून केंद्रापर्यंत येणारच नाही, तो तेथे शुद्ध कसा होणार? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येईल?

तो मैला जातो कोठे, हे पाहण्यासाठी तिसऱ्या पाण्याकडे वळले पाहिजे.

मुंबई ही मूळची सात बेटे. मधली खाजणे बुजवून, समुद्राला बांध घालून हे शहर एकसंध झाले. त्यामुळे त्याच्या मधल्या भागाचा आकार बशीसारखा आहे. परळ, हिंदमाता, दादर येथे पाणी का साचते, याचे पहिले कारण महापालिकेत नसून भूगोलात आहे. पावसाचे पाणी समुद्राला नेणारी सुमारे १८६ मुखे शहरात आहेत आणि त्यांतील बहुतेक भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. म्हणजे भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की गटारातले पाणी समुद्रात जाण्याऐवजी समुद्रच गटारात येऊ पाहतो.

या गटारांची जुनी आखणी तासाला २५ मिलीमीटर पावसाची होती. तीही अशा हिशेबाने की पडलेल्या पावसापैकी निम्मा जमिनीत मुरेल आणि निम्माच गटारात येईल. ज्या काळी शहरात माती होती, वाड्या होत्या, तलाव होते, त्या काळी हा हिशेब बरोबर होता. मग आपण तलाव बुजविले, वाड्यांवर इमारती बांधल्या, अंगणाला फरशी घातली आणि आता रस्त्यांनाही एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काँक्रीट घालीत आहोत. पाण्याला मुरावयास जागा उरली नाही. गटारे मात्र जुन्याच मापाची राहिली.

१९८५ च्या पावसाळ्यात शहर तुंबले. त्यानंतर तज्ज्ञांकडून सविस्तर अभ्यास करविण्यात आला आणि १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जाणारा अहवाल हाती आला. गटारे तासाला ५० मिलीमीटर पावसासाठी बांधा, आणि पडलेला पाऊस सगळा गटारातच येईल असे धरून चाला, असे त्याचे सार होते. त्या वेळच्या अंदाजाने खर्च सुमारे ६१६ कोटी रुपये होता. एवढे पैसे कोठून आणावयाचे, असे म्हणून त्यातले बहुतेक काम बाजूला पडले आणि तो अहवाल बारा वर्षे कपाटात राहिला.

मग २६ जुलै २००५ हा दिवस उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. हा पाऊस जर तासातासाला सारखा वाटून पडला असता, तरी तो तासाला ३९ मिलीमीटर झाला असता, म्हणजे जुन्या मापाच्या पलीकडे. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. त्याच दिवशी कुलाब्याला अवघा ७३ मिलीमीटर पाऊस होता. शहरात चारशेहून अधिक माणसे गेली. मोटारीच्या काचा न उघडल्यामुळे गुदमरून गेली, घरात शिरलेल्या पाण्यात गेली, दरडीखाली गेली. त्या रात्री कुर्ला, कलिना, वांद्रे या भागांत जिने पाण्याखाली गेले होते आणि हे पाणी आणणारी नदी होती मिठी. जिच्या उगमाचे पाणी आपण १८६० पासून कौतुकाने प्यालो, ती! विमानतळाने तिला काटकोनात वळविली, वांद्रे-कुर्ला संकुलाने तिची खारफुटीची पाणथळ जागा घेतली, दोन्ही काठांनी कारखाने व झोपड्या आल्या. नदीने त्या दिवशी आपली जागा परत मागितली एवढेच.

पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली. २००७ साली केंद्राने १,२०० कोटी रुपये मंजूर केले. हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझधरबंध अशी सहा उदंचन केंद्रे एकामागून एक उभी राहिली. भरतीच्या वेळी दारे लावून घ्यावयाची आणि आतले पाणी पंपाने उचलून समुद्रात टाकावयाचे, हे त्यांचे काम. माहुल आणि मोगरा ही आणखी दोन केंद्रे पुष्कळ वर्षे रखडली. मिठी रुंद केली, खोल केली. तिच्यातला गाळ काढण्याच्या कंत्राटांत कोट्यवधींचा घोटाळा झाल्याचा गुन्हा पोलिसांनी २०२५ साली नोंदविला. नदीतून गाळ निघाला की केवळ तिजोरीतून पैसा निघाला, हे न्यायालय ठरवील.

हिंदमाता भागासाठी योजलेला उपाय मला विशेष बोलका वाटतो. २०२१ पासून दादर आणि परळ येथील मैदानांच्या पोटात मोठ्या टाक्या बांधण्यात आल्या. पाऊस आणि भरती एकत्र आली की रस्त्यावरचे पाणी तेथे साठवून ठेवावयाचे आणि ओहोटी लागली की सोडावयाचे. कल्पना उत्तम आहे. परंतु पावसाचे पाणी घटकाभर थांबावयाची जागा, म्हणजेच तलाव नव्हे काय? आमच्या पूर्वजांनी फुकट मिळालेले तलाव बुजविले आणि आम्ही कोट्यवधी रुपये घालून ते जमिनीखाली पुन्हा खणले!

आता तिन्ही पाण्यांची गाठ कोठे पडते ते पाहू. मुंबईत मैल्याचे गटार आणि पावसाचे गटार ही रचनेने वेगवेगळी आहेत. हा फार मोठा गुण आहे. लंडनची गोष्ट घ्या. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने तेथील पार्लमेंटला बसणे अशक्य झाले, तेव्हा जोसेफ बॅझलजेट या इंजिनियराने भुयारी गटारांचे जाळे घातले. मैला आणि पाऊस एकाच गटारात, अशी ती रचना होती. ती इतक्या ऐसपैस मापाने बांधली होती की दीडशे वर्षे चालली. परंतु शहर वाढले, आणि जोराचा पाऊस झाला की ते मिश्र पाणी टेम्स नदीत सांडू लागले. शेवटी नदीखालून २५ किलोमीटरचा नवा बोगदा खणावा लागला. तो २०२५ साली पूर्णपणे जोडला गेला. आपल्याला या दुखण्यातून जन्मतःच सुटका होती.

ती सुटका आपण आपल्या हाताने घालविली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची सुमारे दोन-पंचमांश वस्ती झोपडपट्टीत राहते. त्यांतील फार मोठ्या भागाला मैल्याचे गटार पोचलेले नाही. मग तेथला मैला जवळच्या पावसाच्या नाल्यात जातो आणि नाला मिठीत जातो. ऐन उन्हाळ्यात, आकाशात ढग नसताना, मिठीला पाणी कोठून येते हा प्रश्न आपण कधी स्वतःला विचारला आहे काय? ते नळाचे पाणी आहे. शंभर किलोमीटरवरून आणलेले, वापरलेले आणि वाट न दाखवता सोडून दिलेले. त्यातून पावसाच्या नाल्यात गाळ बसतो, नाला उथळ होतो आणि पहिल्या सरीला तुंबतो. नाला तुंबला की लोक नाइलाजाने मैल्याच्या गटाराचे झाकण उघडतात. २९ ऑगस्ट २०१७ रोजी असेच झाकण उघडलेल्या मॅनहोलमध्ये एक नामांकित डॉक्टर वाहून गेले. पाण्यातून पायी घरी चालले होते. तीन खात्यांपैकी त्यांचा मृत्यू कोणत्या खात्यावर लिहावा? पावसाच्या, की मैल्याच्या?

आपल्यापैकी काहीजण मनात म्हणत असतील की झोपडपट्टी बेकायदा, तिला नळ आणि गटार का द्यावे? डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले आहे. पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि घर अनधिकृत म्हणून माणसाला पाण्यावाचून ठेवता येत नाही, असा तो निर्णय आहे. पण घटकाभर न्याय बाजूला ठेवून निव्वळ स्वार्थाचा हिशेब करू. ज्या वस्तीला आपण नळ देत नाही, ती वस्ती आपला नळ फोडून पाणी घेते किंवा दामदुपटीने विकत घेते. ज्या वस्तीला आपण गटार देत नाही, तिचा मैला आपल्या नाल्यात, आपल्या रस्त्यावर आणि आपल्या किनाऱ्यावर येतो. मैल्याला अधिकृत आणि अनधिकृत असा भेद समजत नाही. धारावीला गटार देणे हा धारावीवर केलेला उपकार नव्हे; माहीमच्या आरोग्यासाठी भरलेला तो विम्याचा हप्ता आहे.

मग करावयाचे काय? मी चार गोष्टी सांगतो. पहिली, नवे पाणी आणण्याआधी हाती असलेले पाणी राखावे. मीटर लावावेत, गळती बुजवावी आणि वाहिनीत सदैव दाब राहील अशी एकेका विभागाने तयारी करावी. दुसरी, मैला आणि पाऊस खरोखर वेगळे करावेत. प्रत्येक नाल्याच्या काठाने फिरून कोणती घरे, कोणते कारखाने, कोणत्या मोठ्या इमारती त्यात घाण सोडतात याची यादी करावी आणि एकेक जोडणी मैल्याच्या गटाराला न्यावी. हे काम दिखाऊ नाही, पण याच्यावाचून १७,२०० कोटींची केंद्रे अर्धपोटी राहतील. तिसरी, पावसाला जागा द्यावी. मैदान हे मैदान राहू द्यावे, खारफुटीला हात लावू नये आणि काँक्रीटच्या रस्त्याच्या कडेला पाणी मुरेल अशी पट्टी सोडावी. चौथी, ज्या रस्त्याला कुदळ लागणार आहे, त्याखालची नळ, मैला आणि पाऊस ही तिन्ही कामे एकाच आराखड्याने आणि एकाच अधिकाऱ्याच्या सहीने व्हावीत.

एक लहानसे गणित मांडतो. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. बृहन्मुंबईचे क्षेत्रफळ सुमारे ४३७ चौरस किलोमीटर, आणि वर्षाचा पाऊस सुमारे २,२०० मिलीमीटर. हे सारे पाणी वर्षाच्या दिवसांना वाटून पाहा. दिवसाला सुमारे २,६०० दशलक्ष लिटर येते. सात तलावांतून आपण रोज जेवढे आणतो, त्याच्या दोन-तृतीयांश पाणी आपल्याच डोक्यावर पडते आणि आपण ते शत्रू समजून पंपाने समुद्रात फेकतो. ते सगळे साठविता येईल असे मी मुळीच म्हणत नाही. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने ठेवावयास तेवढी जागा नाही. नव्या मोठ्या इमारतींना गच्चीचे पाणी साठविण्याचे बंधन २००२ पासून आहे. ते कागदावर न राहता टाकीत उतरले, तरी बागा, मोऱ्या आणि संडास यांचे पाणी त्यातून निघेल, आणि शहापूरच्या बाईची एखादी घागर तिच्याच गावात राहील.

पैशाचे विचाराल, तर १९९३ साली ६१६ कोटी जास्त वाटले म्हणून ते काम बाजूला पडले. त्यानंतर आपण किती हजार कोटी घातले आणि २००५ साली किती माणसे घालविली, याची बेरीज करून पाहा. जमिनीखालच्या कामाचा एक स्वभाव असतो: आज केले तर दिसत नाही, आणि न केले तर दिसल्यावाचून राहत नाही. उड्डाणपुलावर नगरसेवकाच्या नावाची पाटी लागते. गटारावर लागत नाही. म्हणून गटाराची मागणी नगरसेवकाकडून येणार नाही, ती आपल्याकडूनच यावयास पाहिजे. पुढच्या निवडणुकीत आपल्या दारी येणाऱ्या उमेदवाराला एकच प्रश्न विचारा: माझ्या घरातले घाण पाणी कोठपर्यंत जाते, ते तुम्हाला ठाऊक आहे काय? त्याला उत्तर येणार नाही. आपल्यालाही येत नसेल, तर दोघांनी मिळून वॉर्ड ऑफिसात जावे आणि नकाशा पाहावा. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

जमल्यास एखाद्या रविवारी मुलांना घेऊन आधी विहारच्या बाजूला जा आणि मग माहीमच्या खाडीच्या पुलावर जाऊन उभे राहा. दोन्ही ठिकाणी पाणी एकाच नदीचे आहे. मधल्या अठरा किलोमीटरांत त्याचे काय झाले, असे मूल विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर मुलाला मान खाली न घालता देता यावे, एवढ्यासाठीच मी आज आपला वेळ घेतला.